ओनोफ्रेच्या डोक्याची परीक्षा

ओनोफ्रे पेगेरोनं पाद्री आन्सेल्मोंची हजामत अर्धीच केली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

उजवी बाजू नेहमीसारखी सफाईदार. डावी बाजू जशी दुकानात आली तशीच बाहेर गेली. ओनोफ्रेनं मानेभोवतीचं फडकं झटकलं, पावडर मारली आणि म्हणाला, "झालं, फादर." पाद्री भिडस्त माणूस. आरशात पाहून हा काहीतरी नवा प्रकार असेल असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी तशाच डोक्यानं एका बाळाचा बाप्तिस्मा उरकला. फोटोत बाळ, बाळाचे आईबाप आणि मध्ये दोन वेगवेगळ्या माणसांचं मिळून एक डोकं. एकदोन दिवसांत तो फोटो सगळ्या बानी गावानं पाहिला आणि राजधानीतून थोरल्या मुलाचा, राधामेसचा, फोन आला की या खेपेला वडिलांच्या दिवसाच्या जेवणाला आपण नक्की येतोय आणि काय तो निकाल लावूनच जाणार.

त्यांच्याकडे वडिलांचा दिवस, म्हणजे फादर्स डे, जुलैच्या शेवटच्या रविवारी येतो. पेगेरोंच्या घरी त्या दिवशी बकरा शिजतो, ही पद्धत जुनीच. त्या वर्षी मात्र बकरा निमित्ताला होता. बैठक भरली होती ती ओनोफ्रेचं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे ठरवायला. ओनोफ्रेला यातलं काही माहीत नाही, असं सगळ्यांना वाटत होतं.

सगळ्यांत आधी आली एर्सिलिया. ओनोफ्रेची ही थोरली बहीण नवरा गेल्यापासून काळ्या कपड्यांत वावरायची, आणि घराण्यात कुणाचं काय चुकलं हे सांगायचा अधिकार त्या कपड्यांबरोबरच आपल्याकडे आला, अशी तिची समजूत होती. परसात आंब्याखाली टेबलं जोडून ठेवली होती. ओनोफ्रे इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसला होता.

"आलात का एर्सिलियाताई," ओनोफ्रेची बायको नेरेइदा स्वयंपाकघराच्या दारातून मोठ्यानं म्हणाली. "काळा रंग काय खुलतो हो तुम्हाला."

"ये, एर्सिलिया, बस," ओनोफ्रे लगेच म्हणाला आणि हात पुढे केला. हात तिच्यापासून वीतभर बाजूला गेला.

एर्सिलिया तिथंच थबकली. या वहिनीनं आजवर आपल्या कपड्यांना कधी बरं म्हटलं नव्हतं. ती बसली आणि बघत राहिली. थोड्या वेळानं शेजारच्या घरातून मुलगी आणि जावई आले, तेव्हा नेरेइदा पुन्हा ओरडली, "बेल्किस, आलीस का? अगं फाउस्तोला म्हणावं, सावलीत बस." ओनोफ्रे म्हणाला, "ये बेल्किस. फाउस्तो, सावलीत बस." मग गाडी थांबली. "राधामेस आला वाटतं, आणि आपली युडेल्काही आहे बरोबर." ओनोफ्रे म्हणाला, "राधामेस, पोरीला घेऊन आलास, चांगलं केलंस."

एर्सिलिया उठून थेट गाडीपाशी गेली.

"वहिनी त्याला पढवते आहे," ती राधामेसला म्हणाली. "कोण आलं ते आधी तीच ओरडते. त्याला आपली नावंसुद्धा आठवत नाहीत."

"म्हणूनच म्हणतो, आत्या." राधामेसनं गाडीची डिकी उघडून दाखवली. ती रिकामी होती. "नन्सच्या आश्रमात बोलून ठेवलंय. राजधानीत. खोली आहे, बाग आहे, दिवसभर लक्ष ठेवायला माणूस आहे. आज संध्याकाळीच घेऊन जातो."

"आणि नेरेइदा?"

"तिथं फक्त पुरुषांना ठेवतात. आई बेल्किसकडे राहील."

"त्यापेक्षा माझ्याकडे राहू दे त्याला. माझं घर रिकामंच आहे."

"तुमच्याकडून आठवड्यात पळून जातील ते."

"गेला तर गेला. पाय तरी धड आहेत असं कळेल."

तिकडे सासऱ्यांकडेच कात्री धरायला शिकलेला फाउस्तो बायकोला हळूच सांगत होता की सासरेबुवांना आता विश्रांतीची गरज आहे, आणि दुकानात तो मोठा आरसा काढून दोन छोटे लावले तर उजेड जास्त येईल. बेल्किसनं त्याला गप्प बसवलं, पण नाही म्हटलं नाही. आश्रम, आत्याचं घर की नुसतंच दुकान बंद, यावर तिघांची तीन मतं होती. म्हाताऱ्याची आठवण गेली, यावर मात्र एकमत होतं.

जेवण व्यवस्थित पार पडलं. बकऱ्याचं मटण, भात, चेपून तळलेली हिरवी केळी, शेवटी हंगामातले उरलेसुरले आंबे. ओनोफ्रे चवीनं जेवला, पण त्यानं ताटातला अर्धाच भात खाल्ला. नेरेइदानं येताजाता त्याचं ताट अर्धं फिरवून ठेवलं, तेव्हा उरलेलाही खाल्ला. हे एर्सिलियानं पाहिलं.

मग ओनोफ्रेनं कॉफी आपण ओतणार असा हट्ट धरला. त्या घरात पाहुण्यांना कॉफी यजमानच देतो. त्यानं किटली नीट उचलली, धार बारीक धरली, आणि कप सोडून सगळी कॉफी टेबलावरच्या एर्सिलियाच्या उघड्या पर्समध्ये ओतली. आत तिचा हातपंखा होता, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि संत अंतोनियोची तसबीर होती.

ओनोफ्रेनं धारेच्या आवाजावरून ओळखलं की काहीतरी चुकलं.

"साखर बघ गं पुरेशी आहे का," तो म्हणाला.

युडेल्काला हसू आलं. एर्सिलियानं तसबीर पदरासारख्या घेतलेल्या काळ्या शालीला पुसली आणि नेरेइदाकडे वळली.

"तू आत जा. भांडी घास, काय वाटेल ते कर, पण आता इथं तुझा आवाज यायला नको. आम्हाला त्याच्याशी बोलायचंय."

नेरेइदानं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढला आणि आत गेली.

*

राधामेसनं फोटोंचा डबा टेबलावर ठेवला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. आपण फार हुशारीनं ही परीक्षा शोधून काढली, असं त्याला गाडीत येताना वाटलं होतं. भांडण नको, आवाज चढायला नको. बापाला फोटो दाखवायचे, त्याला ओळखू येणार नाहीत, आणि मग कुणालाच काही बोलायला जागा उरणार नाही.

"बाबा, हा बघा. कोण आहेत हे?"

ओनोफ्रेनं फोटो जवळ नेला, लांब धरला, तिरका केला.

"एक हात आहे," तो म्हणाला. "हातात फुलं आहेत. ही... ही टोपी का?"

"बाबा, तुमचं आणि आईचं लग्न आहे ते."

"असं होय. टोपी नव्हती मग."

एर्सिलियानं नि:श्वास टाकला, आणि त्यात दु:खापेक्षा समाधान जास्त होतं. राधामेसनं दुसरा फोटो दिला. बेल्किसची पहिली इयत्ता. ओनोफ्रे म्हणाला, पडदा आहे. तिसरा दिला. त्यात दहा-अकरा वर्षांचा राधामेस बेसबॉलची बॅट खांद्यावर घेऊन उभा होता. तो फोटो ओनोफ्रेनं स्वतः काढलेला होता आणि कित्येक वर्षं दुकानाच्या आरशाला खोचलेला असायचा.

ओनोफ्रेनं तो बराच वेळ धरून ठेवला. त्याचं बोट फोटोवर फिरत होतं, बॅटवरून आकाशात, आकाशातून खाली कोपऱ्यात.

"बादली आहे का?" त्यानं विचारलं.

राधामेस परीक्षा जिंकला होता. त्यानं फोटो परत घेतला, शर्टाला पुसला आणि काय करावं ते न कळून तसाच हातात ठेवला. आपल्याला असं जिंकायचं नव्हतं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं.

*

स्वयंपाकघराच्या दाराआड नेरेइदा ओलं पातेलं घेऊन उभी होती आणि तिला बाहेरचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

वर्षभरापूर्वी पहिल्यांदा साबणावरून कळलं. साबण समोर असायचा आणि ओनोफ्रे त्याच्या बाजूला हात आपटायचा. मग वर्तमानपत्र वाचताना ओळी पळतात म्हणून तो चिडू लागला. बाजारातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की डोळे पोरासारखे आहेत, आणि तरीही चष्मा दिला. चष्म्यानं काही झालं नाही. एकदा सकाळी ती त्याच्यासमोर न बोलता उभी होती. ओनोफ्रेनं तिच्याकडे पाहून विचारलं, "कोण आहे?" ती घाबरून म्हणाली, "अरे मी." तेव्हा त्याचा चेहरा सैल पडला. "तूच होय. मला वाटलं फ्रिज सरकवून ठेवलास."

दोघंही पोट धरून हसली होती. आणि मग ती न्हाणीघरात जाऊन रडली होती.

तेव्हापासून ती त्याचे डोळे झाली. कोणी आलं की दारातून नाव घ्यायचं, ताट फिरवायचं, पायरी आली की "पायरी मेली अजून तुटकीच आहे" म्हणायचं. दोघांचा हा खेळ इतका जमला होता की कधीकधी मजा यायची. दुकानात मात्र ती नव्हती. पाद्रींच्या त्या फोटोनंतर तिनं नातीला, युडेल्काला, फोन केला होता. युडेल्का राजधानीच्या इस्पितळात मेंदूच्या रोगांचं शिक्षण घेत होती. तिनं फोनवर खूप प्रश्न विचारले, सगळे विचित्र. आजोबा पडलेली नाणी उचलतात का? शर्टाची बाही सापडते का? तुला गेल्या ईस्टरला काय शिजवलं होतं ते आठवतं, आजी? मग त्यांना विचार. नेरेइदानं विचारलं. ओनोफ्रेनं काय शिजवलं होतं ते तर सांगितलंच, आणि मीठ जास्त पडलं होतं हेही सांगितलं.

*

"पप्पा, मी विचारू का आता?" युडेल्का म्हणाली.

राधामेसनं मान हलवली. मुलगी डॉक्टर होणार, ती आपल्याच बाजूनं बोलणार, याबद्दल त्याला शंका नव्हती. युडेल्कानं गाडीत वाटभर मुद्दामच काही बोललेलं नव्हतं. तिनं डब्याचं झाकण लावलं आणि डबा खुर्चीखाली सरकवला.

"फोटो पुरे. आठवण तपासायची आहे ना? मग तीच तपासू. एकेकानं आपल्या आयुष्यातली एक गोष्ट काढायची, पुढची आजोबा सांगतील. एर्सिलियाआत्याआजी, तुम्ही मोठ्या. तुम्ही सुरू करा."

एर्सिलियानं विचार केला आणि स्वतःला शोभेल असा प्रश्न निवडला. "माझ्या तोमासला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मी देवळात काय शपथ घेतली?"

"पुन्हा आयुष्यात नाचणार नाही म्हणून," ओनोफ्रे म्हणाला.

"हे बरोबर आहे," एर्सिलिया जरा नाखुशीनंच म्हणाली.

"आणि पुढे, आजोबा?" युडेल्कानं विचारलं.

"पुढे काही नाही," एर्सिलिया म्हणाली.

"पुढे फेब्रुवारीत मी ला वेगा गावाला गेलो होतो, कात्र्यांना धार लावून आणायला. तिथं कार्निव्हल चालला होता. ढोलापुढे सैतानाचा मुखवटा घातलेली एक बाई नाचत होती. शिंगं ही एवढी. घामानं निथळत होती, पण थांबायला तयार नाही. मी खाली पाहिलं. काळी चप्पल, आणि डाव्या अंगठ्याशी बाहेर आलेलं हाड. ते हाड आमच्या आईचं. आम्हा भावंडांत एकाच पोरीला मिळालं."

सगळ्यांनी टेबलाखाली न पाहण्याचा फार प्रयत्न केला.

"कुणीही असेल ती," एर्सिलिया म्हणाली.

"मी हाक मारली, एर्सिलिया. सैतानानं वळून बघितलं."

राधामेसला हे आवडलं नाही. परीक्षा भलत्याच वाटेला लागली होती. त्यानं ती ताब्यात घ्यायचं ठरवलं, आणि ज्या गोष्टीचा त्याला सर्वांत जास्त भरवसा होता तीच काढली. युडेल्कानं ती गोष्ट लहानपणापासून प्रत्येक वाढदिवसाला ऐकली होती.

"बाबा, मोठं वादळ आलं त्या वर्षी नदीचं पाणी घरात शिरलं. मी आईला पाठीवर घेऊन कुठे गेलो?"

"शाळेत," ओनोफ्रे म्हणाला.

"बघा, आठवतं."

"पण पाठीवर तू होतास."

राधामेस खुर्चीतून अर्धा उठला.

"पाण्यातून खेकडा आला आणि तुझ्या विजारीत शिरला," ओनोफ्रे शांतपणे सांगत होता. "तुला भोवळ आली. एकोणीस वर्षांचा घोडा. तुझ्या आईनं तुला पाठीवर घेतलं, मी कंदील धरला. शाळेच्या पायरीवर तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, आई सुखरूप आहे ना."

"कंबर अजून धरते माझी," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तू बोलायचं नाही असं ठरलंय," एर्सिलिया म्हणाली, पण तिच्या आवाजात पहिल्यासारखा जोर नव्हता. उलट तिला थोडं बरं वाटत होतं. सैतान झालेली ती एकटीच नव्हती. ती बेल्किसकडे वळली. "आता तुझी पाळी."

"मला काही विचारायचं नाही," बेल्किस म्हणाली.

"विचार की," ओनोफ्रे म्हणाला. "दुधाच्या वड्यांचं विचार."

बेल्किसच्या दुधाच्या वड्यांना देवळाच्या जत्रेत ओळीनं तीन वर्षं पहिलं बक्षीस मिळालं होतं. कृती ती कुणालाही सांगायची नाही, सख्ख्या आईलाही नाही.

"बाबा, नको."

"पाया गावाहून आणतेस, रस्त्यावरच्या दुकानातून. त्यात काही वाईट नाही, तिथल्या चांगल्याच असतात. पण रिकामं खोकं माझ्या दुकानातल्या केसांच्या डब्यात का टाकतेस? माझ्या कापलेल्या केसांना मुंग्या लागतात."

फाउस्तो मोठ्यानं हसला. त्याला वाटलं होतं, जावयाची गोष्ट कोण काढणार.

"फाउस्तो, तू फार हलू नकोस," ओनोफ्रे म्हणाला. "वारा सुटलाय."

फाउस्तोचा हात आपोआप डोक्यावर गेला. त्याचे केस दाट, काळेभोर आणि वीस वर्षं एकाच लांबीचे होते. ते त्याचे नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यावर कधी कुणी बोललेलं नव्हतं.

"आजोबा, ते राहू दे," युडेल्का म्हणाली. तिला आपण जरा जास्तच दार उघडलं असं वाटू लागलं होतं.

"राहू का दे?" एर्सिलिया म्हणाली. "आमचं निघालं, त्याचंही निघू दे. सांग तू."

"सांगतो, पण तूच म्हणालीस हे लक्षात ठेव. तोमास गेला तेव्हा तू वेणी कापून माझ्या हातात दिलीस. कमरेच्या खाली होती. मी म्हटलं, सत्कारणी लावतो."

"देवमातेला वाहिलीस ना."

"सत्कारणी लावली म्हणालो. पुढे दोन वर्षांनी बेल्किसचं लग्न ठरलं. नवरामुलगा लग्नाच्या आठवडाभर आधी रडत माझ्या दुकानात आला."

वाऱ्यानं आंब्याची दोन पानं टेबलावर पडली. एर्सिलियानं हळूहळू मान वळवली आणि जावयाच्या डोक्याकडे पाहिलं. बेल्किसनंही पाहिलं. केस खोटे आहेत हे तिला लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. आपण वीस वर्षं आत्याच्या वेणीवरून हात फिरवतो आहोत हे मात्र तिला नवीन होतं.

"बास," राधामेस म्हणाला. "बाबांची आठवण चांगली आहे. मी मान्य करतो."

"उत्तम आहे," बेल्किस म्हणाली.

"नको तेवढी," फाउस्तो म्हणाला.

*

"मग फोटो का नाही ओळखले?" राधामेसनं विचारलं. तो अजून बॅटवाला फोटो हातात धरून होता.

युडेल्कानं आंब्यांची कागदी पिशवी फाडली आणि पेन्सिलीनं एक मोठा इंग्रजी ए काढला. रेघांनी नाही, बारीक बारीक ओ एकापुढे एक मांडून. तो तिनं सगळ्यांना दाखवला. सगळे म्हणाले, ए. मग आजोबांपुढे धरला.

"ओ," ओनोफ्रे म्हणाला. "हा आणखी एक ओ. इथं पण ओ आहे."

"मोठं काही दिसतं?"

"मोठं कुठाय?"

"दाखवायला एक डोकं लागेल," युडेल्का म्हणाली. सगळ्यांनी फाउस्तोकडे पाहिलं. तो मागे सरकला.

"ये इकडे," एर्सिलिया म्हणाली. "केस माझे आहेत, मी परवानगी देते."

युडेल्कानं फाउस्तोच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, हलकेच तळवा ठेवला. "डोळा फक्त उजेड आत घेतो. बघतो तो इथला मेंदू. इथून एक वाट खालून जाते, ती सांगते समोर काय आहे. दुसरी वरून जाते, ती सांगते कुठे आहे, आणि सुट्या तुकड्यांचं मिळून काय होतं. आजोबांचा हा मागचा भाग झिजतोय. म्हणून कप दिसतो पण कुठे आहे ते कळत नाही. नाक दिसतं, कान दिसतो, चेहरा जुळत नाही. डाव्या बाजूचं तर बऱ्याचदा लक्षातच येत नाही. फादरांची डावी बाजू आजोबा विसरले नाहीत, पप्पा. त्यांच्यापुरती ती तिथं नव्हतीच." मग तिनं बोट कानाच्या वर टेकवलं. "आठवणी साठवणारा भाग इथं आत खोल आहे. तो अजून शाबूत दिसतो. ते तुम्ही आत्ता ऐकलंतच."

"चष्मा बदलला तर?" राधामेसनं विचारलं.

"चष्म्याचा उपयोग नाही. मेंदूचा फोटो काढावा लागेल. माझ्या सरांशी बोलले आहे मी."

"आणि हे खोल जे आहे," ओनोफ्रेनं विचारलं, "तिथवर पोचेल का हे?"

आजोबांना खोटं कधी पचत नाही हे युडेल्काला माहीत होतं. "बहुतेक पोचेल, आजोबा. लगेच नाही. काही वर्षं मिळतील. किती ते कुणी सांगू शकत नाही."

ओनोफ्रेनं मान हलवली. टेबलावर हात फिरवत त्यानं कॉफीचा कप शोधला, सापडल्यावर दोन्ही हातांत धरून ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात नेरेइदा येऊन उभी राहिली होती.

"मग जे आहे ते लवकर सांगून टाकायला हवं," तो म्हणाला. "बरंच शिल्लक आहे अजून."

"घाई काय आहे एवढी," एर्सिलिया म्हणाली.

राधामेस उठून बापाजवळ आला आणि समोर उकिडवा बसला. "बाबा, माझा चेहरा दिसतो का तुम्हाला?"

"तुकड्यातुकड्यांनी. आत्ता कपाळ आहे. आता गेलं, हनुवटी आली." ओनोफ्रेनं त्याच्या गालाला हात लावला. "पण तू दारातून येताना बूट घासतोस ना, दोनदा उजवा, एकदा डावा, तेव्हा तू सगळा येतोस. लहानपणापासून तसाच येतोस."

राधामेसनं वळून आईकडे पाहिलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू डिकी रिकामी करून येतोस म्हणून," नेरेइदा म्हणाली. "तो कुठेही जायचा नाही. नन्सकडे नाही आणि एर्सिलियाताईंकडेही नाही."

कुणीच वाद घातला नाही. एर्सिलिया फक्त म्हणाली की तिनं तर आधीच सांगितलं होतं, राजधानीत नेणं चूक आहे म्हणून. तिनं काय सांगितलं होतं हे ओनोफ्रेला आठवत असेल, म्हणून राधामेसनं ते तिथंच सोडलं.

मग ओनोफ्रेनं खिशातून वस्तरा काढला. घडी घातलेला, हस्तिदंती मुठीचा. तो दिवसभर त्याच्या खिशात होता हे नेरेइदालाही ठाऊक नव्हतं.

"फादरांचा कान माझ्या हातून थोडक्यात वाचला," तो म्हणाला, "तेव्हा घाबरलो मी. कुणाला बोललो नाही. फाउस्तो, हात पुढे कर, मला नाही सापडायचा तो." फाउस्तोनं हात पुढे केला. "दुकान तू चालव. माझी खुर्ची दाराशी राहील. कापायचं तू, बोलायचं मी. आणि आरसा हलवायचा नाही."

आरशाचं म्हाताऱ्याला कसं कळलं, हे फाउस्तोला विचारायचं होतं. पण त्या दिवशी ओनोफ्रेला काही विचारण्याची कुणाचीच हिंमत उरली नव्हती.

*

मेंदूचा फोटो निघाला आणि युडेल्काच्या सरांनी तेच सांगितलं. तिनं घरात गडद लाल कप आणून ठेवले, टेबलावरचा फुलाफुलांचा कपडा काढायला लावला, पायरीच्या कडेला पांढरा पट्टा ओढला. राधामेस महिन्यातून दोनदा येऊ लागला आणि दारात मुद्दाम जरा जोरात बूट घासू लागला. दुकानात गिऱ्हाईक वाढलं, कारण ज्यांना कटिंग नको होती तेही ओनोफ्रेचं ऐकायला येऊन बसत. एर्सिलिया रविवारी बेल्किसकडे जाऊन फाउस्तोच्या डोक्याला स्वतःच्या हातानं तेल लावू लागली, आणि त्याला काही म्हणता येईना.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ओनोफ्रे परसात बसला होता आणि नेरेइदा दोरीवरचे कपडे काढत होती. शेजारच्या रेडिओवर गाणं लागलं होतं. ती चादर ओढत, घडी घालत, या टोकापासून त्या टोकाला जात होती.

"थांबू नकोस," तो अचानक म्हणाला.

"का?"

"हलतेस तेव्हा दिसतेस. थांबलीस की जातेस."

तिनं चादर खांद्यावर टाकली आणि तो चेष्टा करतोय का ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळेना, तसं तर कधीच कळलं नव्हतं. ती दोन पावलं पुढे गेली, दोन मागे आली. मग रेडिओच्या तालावर, कुणी कुंपणावरून बघत नाहीये याची खात्री करून, एक गिरकी घेतली.

"दिसले?"

"पूर्ण दिसलीस."

"कशी दिसते?"

ओनोफ्रेनं जरा नीट पाहिल्यासारखं केलं. "बारीक झालीस."

"डोळे गेले तुझे," नेरेइदा म्हणाली, आणि आणखी एक गिरकी घेतली.